बेंगळुरूत धोरणं कोण फिरवतं?

सोमवारी मंत्रिमंडळाची मंजुरी, बुधवारी संध्याकाळी विधेयक बासनात. १५ ते १७ जुलै २०२४ या तीन दिवसांत बेंगळुरूत जे घडलं, तेवढं एक प्रकरण नीट पाहिलं तरी सरकारवर दबाव कसा येतो हे निम्मं कळतं.

खासगी उद्योगांत व्यवस्थापनातल्या ५० टक्के आणि बाकीच्या ७० टक्के जागा स्थानिकांना द्या, असं ते विधेयक सांगत होतं. स्थानिक म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षं राज्यात राहिलेला आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर भाषेची चाचणी द्यायची. म्हणजे दहावीला कन्नड न घेतलेला बेळगावचा मराठी मुलगाही आधी परीक्षेला बसणार आणि मग स्थानिक ठरणार होता. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी या निर्णयाची पोस्ट समाजमाध्यमावर टाकली आणि गदारोळ झाल्यावर काढूनही घेतली. आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम हिने जाहीर पत्रक काढून कंपन्या राज्याबाहेर जाण्याचा धोका सांगितला. किरण मझुमदार-शॉ आणि मोहनदास पै या उद्योजकांनी आवाज उठवला. शेजारच्या आंध्र प्रदेशचे मंत्री नारा लोकेश यांनी त्याच सुमारास कंपन्यांना ‘विशाखापट्टणमला या’ असं उघड आवतण दिलं. दिवस मावळेपर्यंत विधेयकाला स्थगिती मिळाली होती.

उद्योगांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा असाच कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता. पण वेगातला फरक पाहा. स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणणारा सरोजिनी महिषी समितीचा अहवाल १९८० च्या दशकातला. कन्नड संघटना त्यासाठी चाळीस वर्षं निवेदनं देताहेत. नॅसकॉमला एक दिवस पुरला. ‘आम्ही निघून जाऊ’ असं म्हणण्याची ज्याची ऐपत असते, त्याचं ऐकायला सरकार धावत येतं.

शंभरी ओलांडलेली लॉबी

उद्योगपतींनी एकत्र येऊन सरकारशी बोलायची रीत बेंगळुरूत आयटीच्या कितीतरी आधीची आहे. म्हैसूर चेंबर ऑफ कॉमर्स १९१६ साली उभं राहिलं. त्यामागची प्रेरणा होती म्हैसूरचे तेव्हाचे दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. तेच विश्वेश्वरय्या, जे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि ज्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणाला बसले. व्यापाऱ्यांनी आपल्या अडचणी एकमुखाने मांडाव्यात, ही राज्यकर्त्याचीच इच्छा होती! आज ही संस्था कर्नाटकाच्या व्यापार-उद्योग महासंघाच्या रूपात केंपेगौडा रस्त्यावर उभी आहे आणि प्रत्येक अर्थसंकल्पाआधी तिचं मागणीपत्र तयार असतं. पुण्यात हेच काम मराठा चेंबर १९३४ पासून करतं.

तिथे नोंद, इथे अंधार

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्याला नाव, विषय आणि खर्च दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. भारतात असा कायदाच नाही. लॉबिंगला मनाई नाही आणि नोंदही नाही.

याचा विलक्षण परिणाम २०१२ च्या डिसेंबरात दिसला. किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात परदेशी गुंतवणुकीला भारताने नुकतीच परवानगी दिली होती. तेवढ्यात बातमी आली, की वॉलमार्टने २००८ पासून अमेरिकेत लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि ज्या विषयांसाठी केले त्यांत भारताची बाजारपेठही आहे. ही माहिती कुणी चोरून काढली नव्हती. कंपनीने स्वतः अमेरिकी कायद्याप्रमाणे भरलेल्या तक्त्यांत ती होती. भारतीय संसद बंद पडली आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती बसली. आपल्या धोरणासाठी कुठे किती पैसा खर्च झाला, हे आपल्याला परदेशी दप्तरातून कळलं. कोरमंगलात २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा २०१८ मध्ये १६ अब्ज डॉलर मोजून घेतला तो याच वॉलमार्टने.

दुसऱ्या बाजूला छोट्या दुकानदारांची लॉबीही कच्ची नव्हती. व्यापाऱ्यांचा अखिल भारतीय महासंघ ‘कॅट’ ऑनलाइन दुकानांच्या सवलतींविरुद्ध सतत लढत राहिला. २०१८ च्या डिसेंबरात केंद्राने ई-कॉमर्समधल्या परदेशी गुंतवणुकीचे नियम कडक केले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू झाले. ‘कॅट’चे सरचिटणीस प्रवीण खंडेलवाल २०२४ मध्ये चांदणी चौकातून खासदार झाले. संसदेबाहेरून मागण्या करणारा माणूस आता आत बसतो.

आणि पैसा? निवडणूक रोख्यांतून २०१८ पासून सुमारे १६,५१८ कोटी रुपये राजकीय पक्षांकडे गेले. देणारा कोण, हे मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना रद्द केली. त्या खटल्यातली एक अर्जदार संस्था म्हणजे ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ (एडीआर). १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी ती काढली आणि त्यांतले त्रिलोचन शास्त्री पुढे बेंगळुरूच्या आयआयएममध्ये शिकवू लागले. आज उमेदवाराच्या शपथपत्रात त्याची मालमत्ता आणि गुन्हे आपण वाचतो ते याच संस्थेच्या जनहित याचिकेमुळे.

बायकांनी दिल्ली हलवली

बेंगळुरूतल्या दबावाच्या सगळ्या गोष्टींत माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही. तिचं ना पत्रक होतं, ना प्रवक्ता.

१० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्राने अधिसूचना काढली: भविष्य निर्वाह निधीतला मालकाच्या वाट्याचा पैसा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. दिल्लीतल्या कागदावर हा म्हातारपणाचा विचार होता. बेंगळुरूच्या बोम्मनहळ्ळी आणि पीण्या या भागांतल्या कपडा कारखान्यांत शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईसाठी पीएफ ही एकमेव शिल्लक. मुलीचं लग्न, घरातलं आजारपण, गावाकडचं कर्ज यासाठी नोकरी सोडून ती रक्कम उचलायची आणि पुन्हा दुसऱ्या कारखान्यात लागायचं, हा त्यांचा हिशेब होता. या कामात पन्नाशी गाठणंही कठीण, तिथे अठ्ठावन्नची वाट कोण पाहणार?

१८ एप्रिलला सकाळी बायका कारखान्यांतून बाहेर पडल्या आणि होसूर रस्त्यावर बसल्या. एकीचं पाहून दुसऱ्या कारखान्यातल्या निघाल्या. कुठल्याही मोठ्या कामगार संघटनेने हाक दिली नव्हती, तरी हजारोंनी रस्ते भरले. दुसऱ्या दिवशी तुमकूर रस्ताही अडला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला, काही ठिकाणी वाहनं जळाली. आणि १९ एप्रिललाच केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेतल्याचं जाहीर केलं. कर्नाटक सरकारचा नव्हे, थेट केंद्राचा निर्णय दोन दिवसांत फिरला.

जाळपोळीचं समर्थन होत नाही. पण ज्यांच्या आयुष्यावर तो नियम पडणार होता, त्यांना आधी कुणी विचारलंच नाही, ही या प्रकरणातली मूळ चूक आहे. विचारलं असतं तर एका दुपारच्या बैठकीत हे मिटलं असतं.

एका कामगारमंत्र्याचं टेबल

संतोष लाड हे कर्नाटकाचे कामगारमंत्री. घोरपड्यांचं मराठा संस्थान असलेल्या संडूरचे, मराठा समाजातले. २०२३ पासून त्यांच्या टेबलावर जे येत गेलं ते पाहिलं, की दोन्ही बाजूंनी ओढणं म्हणजे काय ते समजतं. स्थानिकांच्या नोकऱ्यांचं विधेयक त्यांच्याच खात्याचं. त्याच जुलै २०२४ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांची संघटना ‘किटू’ हिने बाहेर आणलं, की ओव्हरटाइम धरून रोज चौदा तासांपर्यंत काम घेता येईल अशी दुरुस्ती सरकारपुढे आहे. लाड यांनी स्वतःच सांगून टाकलं, की हा प्रस्ताव आपला नाही, आयटी उद्योगाकडून तसा दबाव आहे. मंत्र्याने दबाव कुणाचा हे नाव घेऊन सांगणं आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून त्या वाक्याला मोल आहे. बोभाटा झाला आणि प्रस्ताव मागे पडला.

आणखी एक मसुदा: खाद्यपदार्थ आणि पार्सलं पोचवणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या गिग कामगारांसाठी कल्याण निधी. तो जून २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि नॅसकॉम, सीआयआय, इंटरनेट कंपन्यांची संघटना यांचे आक्षेप आले. कामगार संघटनाही मागे हटल्या नाहीत. अखेर मे २०२५ मध्ये अध्यादेश निघाला आणि पुढे कायदा झाला. कामगाराला दर खेपेला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आता कंपनीने भरायचं. दोन्ही बाजू उघड बोलल्या की काहीतरी टिकाऊ हाती लागतं, याचा हा चांगला नमुना.

२९९ ई-मेल आणि ८१२ झाडं

बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ, ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल, खर्च १,७९१ कोटी रुपये, तोडायची झाडं ८१२. २०१६ मध्ये बेंगळुरू विकास प्राधिकरणाने लोकांची मतं मागवली तेव्हा जेमतेम २९९ ई-मेल आल्या आणि त्यांतल्या सुमारे ७३ टक्के पुलाच्या बाजूने असल्याचं सांगितलं गेलं. ऐंशी लाखांच्या वर वस्तीच्या शहराचा कौल २९९ पत्रांत!

१६ ऑक्टोबर २०१६ रोजी रविवार होता. ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’, म्हणजे नको, असे फलक घेऊन हजारो लोक त्या रस्त्याच्या कडेने हातात हात घालून उभे राहिले. आयटीवाले, शाळकरी मुलं, आजी-आजोबा. त्याच महिन्यात हरित लवादाने कामाला स्थगिती दिली. २ मार्च २०१७ रोजी मंत्री के. जे. जॉर्ज यांनी प्रकल्प सोडल्याचं जाहीर केलं. ‘नको’ म्हणून ही मंडळी घरी बसली नाहीत, हे मला फार आवडतं. ‘चुकू बुकू बेकू’ म्हणत त्यांनी उपनगरी रेल्वे हवी अशी मोहीम लगेच काढली. १४८ किलोमीटरच्या त्या रेल्वेला केंद्राची मंजुरी २०२० मध्ये मिळाली.

सगळेच लढे जिंकले जात नाहीत. देवनहळ्ळीचा नवा विमानतळ २००८ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि शहरातला जुना एचएएल विमानतळ प्रवासी विमानांना बंद झाला. तो चालू ठेवा म्हणून नागरिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. पण १५० किलोमीटरच्या परिघात २५ वर्षं दुसरा विमानतळ होऊ द्यायचा नाही, हे कलम करारात आधीच सही होऊन बसलं होतं.

कुंबळे बसमध्ये

११ सप्टेंबर २०२३. रिक्षा, टॅक्सी आणि खासगी बसवाल्यांच्या बत्तीस संघटनांनी बेंगळुरू बंद केलं. महिलांच्या मोफत बसप्रवासामुळे धंदा बुडाला आणि बाइक टॅक्सीने उरलेला खाल्ला, ही तक्रार. त्या दिवशी विमानतळावर उतरलेल्या अनिल कुंबळे यांनी बीएमटीसीची बस पकडून घर गाठलं आणि तसा फोटोही टाकला. सहा महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, सरकारने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीची योजनाच मागे घेतली. पुढे न्यायालयाच्या आदेशानुसार १६ जून २०२५ पासून बाइक टॅक्सी थांबल्या. ॲपवर लगेच ‘बाइक पार्सल’ असा पर्याय दिसू लागला. रिक्षावाल्याचं पोट खरं आणि बाइकवर कमावणाऱ्या पोराचंही खरं. फरक इतकाच, की रिक्षावाल्यांची संघटना जुनी आणि घट्ट, पोरांची अजून बांधली जात होती.

दूध, दही, सिनेमा

मार्च २०२३ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कर्नाटकाच्या सहकारी दूध महासंघाच्या, म्हणजे नंदिनीच्या, पिशवीवर ‘दही’ लिहा असं सांगितलं; कन्नड आणि तमिळ भाषक खवळले आणि महिना संपायच्या आत ‘मोसरू’ या कन्नड शब्दाला मुभा मिळाली. आठवड्याभरात, ५ एप्रिलला, अमूलने बेंगळुरूत ताजं दूध आणण्याची घोषणा केली. विधानसभेची निवडणूक होती १० मे रोजी. हॉटेलमालकांच्या संघटनेने फक्त नंदिनीच वापरू असं जाहीर केलं, राहुल गांधी नंदिनीच्या दुकानात जाऊन आइस्क्रीम खाऊन आले. लाखो दूधउत्पादकांचं सहकारी जाळं हा केवढा मोठा दबावगट असतो, हे कोल्हापूर-सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

उसाचंही तसंच. २०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसले. बेंगळुरूत बैठका झाल्या आणि ३,३०० वर तोडगा निघाला.

पण सर्वांत अजब नमुना चित्रपटांचा. परभाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करायचा नाही, ही बंदी १९६० च्या दशकापासून अर्धशतक चालली. कन्नड अभिनेते राजकुमार यांच्यासारखे दिग्गज तिच्या बाजूने. विशेष म्हणजे असा कायदा कधी झालाच नव्हता! निर्माते, थिएटरवाले, वाहिन्या यांच्या एकजुटीने ती टिकली. ‘कन्नड ग्राहकर कूट’ या ग्राहक संघटनेने तक्रार केली आणि २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने कर्नाटक फिल्म चेंबरसह इतर संघटनांना दंड ठोठावला. आपल्या भाषेत कार्टून बघायचा लहान मुलाचा हक्क मागायला कुणीतरी उभं राहिलं, याचं मला कौतुक वाटतं.

पन्नास कोटी आणि एक बंद

बेंगळुरूशी मराठ्यांचं नातं शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचं. राज्यातला मराठा समाज इतर मागासांच्या ३बी गटात आहे आणि २ए मध्ये घ्या ही त्याची जुनी मागणी. नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मराठा विकास प्राधिकरण आणि ५० कोटी रुपये जाहीर केले. बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि तिथे मराठा मतं मोठी. काही दिवसांतच वीरशैव-लिंगायत समाजासाठी ५०० कोटींचं महामंडळ आलं. मराठा प्राधिकरणाविरुद्ध कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. २ए ची मागणी मात्र जागच्या जागी राहिली. महामंडळ देणं सोपं, आरक्षणाचा गट बदलणं अवघड, हे प्रत्येक सरकारला ठाऊक आहे.

उलटी गंगा

कधी सरकारच कंपनीला विनंती करतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिद्धरामय्यांनी विप्रोच्या अझीम प्रेमजींना पत्र लिहिलं: बाहेरच्या वर्तुळ रस्त्यावर कोंडी फार, विप्रोच्या सर्जापूर संकुलातून काही वाहनं जाऊ द्या. प्रेमजींनी नम्रपणे नकार कळवला. जागा विशेष आर्थिक क्षेत्रातली, मालकी भागधारकांच्या कंपनीची.

कधी सरकार उद्योजकालाच आत बोलावतं; इन्फोसिसच्या नंदन निलेकणी यांचं उदाहरण तर अभ्यासण्याजोगं. १९९९ मध्ये मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नेमलेल्या बेंगळुरू कृतीदलाचे ते प्रमुख होते. पालिका, पोलीस, पाणी, वीज, बस अशी सगळी खाती भर सभेत लोकांपुढे हिशेब द्यायची आणि घरपट्टी स्वतः मोजून भरायची पद्धत त्याच काळातली. २००४ मध्ये सरकार गेलं आणि कृतीदलही विरलं. २०१४ मध्ये निलेकणी दक्षिण बेंगळुरूतून लोकसभेला उभे राहिले आणि सुमारे २ लाख २८ हजार मतांनी हरले. समितीवर बसून धोरण घडवणं आणि मतं मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणूनच न निवडून आलेल्यांच्या समित्यांचं कामकाज लोकांसमोर असायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. शिष्टमंडळ नेणं, निवेदन देणं, रस्त्यावर बसणं हा लोकशाहीतला हक्कच आहे. अडचण आहे ती बंद दाराआडच्या भेटींची. कोण मंत्री कुणाला कुठल्या विधेयकावर भेटला, याची नोंदवही भारतात हवी आणि ती कुणालाही वाचता यायला हवी.

ती येईपर्यंत आपल्या हातात एक साधन आहे. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. राज्यांतही अनेक नियमांवर हरकती-सूचना मागवतात. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर होण्याआधी मसुद्यात बदल झाले. ते पुरेसे होते की नाही यावर वाद आहे, पण बदल झाले. तेव्हा पुढच्या वेळी ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ अशी जाहिरात दिसली की पान उलटू नका. कलमाचा क्रमांक घाला, आक्षेप दोन ओळींत लिहा, कारण द्या, तारखेच्या आत पाठवा आणि पोच जपून ठेवा.